नऊबोट्याचं बोट कुठल्या हाताचं?

माझ्या नणंदबाईंबद्दल बोलायला बसले की आमचे हे हळूच उठून दुसऱ्या खोलीत जातात. बायको आपल्या बहिणीविषयी काय बोलेल याची त्यांना बावीस वर्षं धास्ती आहे. आज मी मुद्दाम मोठ्यानं सांगणार आहे, पलीकडे ऐकू गेलंच पाहिजे.

ताई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. लग्न केलं नाही, कुणाची मिजास खपवून घेतली नाही, आणि स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर किती घट्ट बसवायचा यावरून माझ्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी जो वाद काढला तो अजून मिटवलेला नाही. धंदा अक्षरांचा. कॉमिकमधली माणसं बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडाजवळ पांढरा फुगा असतो ना, त्या फुग्यातला मजकूर हातानं लिहायचा. चित्रकार चित्र काढतो, लेखक संवाद देतो, पण ताईंनी लिहिल्याशिवाय त्या पानावर कुणाच्या तोंडून चकार शब्द निघत नाही.

त्यात त्या डावखुऱ्या. डाव्या हातानं लिहायचं म्हणजे हात ओल्या शाईवरूनच पुढे सरकणार आणि सगळं फरफटणार. म्हणून ताई कागद आडवा वळवतात, उजवा पंजा त्यावर पसरून ठेवतात आणि वरून खाली लिहीत येतात. पाहणाऱ्याची मान वाकडी होते, पण आजवर एक अक्षर पुसटलेलं नाही. मला त्यांच्या कॉमिकच्या ऑफिसात त्यांनीच चिकटवलं. "घरात बसून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतेस, त्यापेक्षा तिथं येऊन रंग भर," म्हणाल्या. तेव्हापासून मी कॉम्प्युटरवर त्याच पानांत रंग भरते. माझं टेबल त्यांच्या मागे. म्हणजे घरी त्यांचं तोंड आणि ऑफिसात त्यांची पाठ, असा माझा दिवस जातो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे 'पानफाड्या' सुरू झाला. आमचा सुपरहिरो. उडत नाही, भिंती फोडत नाही. त्याची ताकद एकच. कुठल्याही जुन्या गोष्टीचं पान हातानं फाडायचं आणि त्या फटीतून गोष्टीत शिरायचं. आणि गोष्टी कुठल्या? ज्यांना कुणी कधी काचेच्या कपाटात जागा दिली नाही त्या. शाळेत मास्तरांनी जप्त केलेल्या, उशीखाली लपवलेल्या, दवाखान्यात नंबर येईपर्यंत अर्ध्या वाचलेल्या. पहिल्या अंकात तो फुटपाथवर पसरून विकायच्या भुताखेतांच्या चोपड्यांत गेला. दुसऱ्यात तलवारबाजांच्या. चौथ्यात रडक्या प्रेमकथांत शिरला आणि त्याचं सगळं बळ गेलं, कारण दर पानाला कुणीतरी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होतं. सातव्यात वेडे शास्त्रज्ञ. प्रत्येक अंकात मारामारी भरपूर, पण सोबत हेही कळायचं की ती पुस्तकं छापली कुणी, वाचली कुणी आणि शहाण्या लोकांनी त्यांना नावं का ठेवली.

लिहिणारा आमचा चष्मा. म्हणजे पोरगा हुशार, तीस-बत्तीसचा, पण चेहऱ्यावर आधी चष्माच दिसतो, म्हणून ऑफिसभर तेच नाव. तो काही अडलं की ताईंकडे यायचा. "ताई, त्या काळी भुतं पांढरीच का असायची?" ताई म्हणायच्या, "काळी शाई महाग पडत नव्हती रे, पण रात्र काळी छापल्यावर भूत दिसायला नको का?" तो ते लिहून घ्यायचा. त्याला वाटायचं, बाईंनी वाचलंय खूप. आणि अक्षरं तर काय सांगू! चोपड्यांच्या अंकात ताईंनी झिजलेल्या लाकडी ठशांची अक्षरं काढली, प्रेमकथांत लांब शेपट्यांची, शास्त्रज्ञांच्या अंकात टाइपरायटरची, एक अक्षर जरा वर उडालेलं. कुणी सांगितलं नव्हतं करायला.

या मालिकेत एक नियम होता. पानफाड्या गोष्टीतल्या कुणालाही भेटू शकतो, पण ती गोष्ट लिहिणाऱ्याला कधीच नाही. लेखकाच्या दाराशी पोचला की पान संपायचं. अकरा अंक वाचक तडफडले. बाराव्यात, शेवटच्या अंकात, तो पहिल्यांदा लेखकाला भेटणार अशी जाहिरात झाली. आणि तो लेखक होता 'कप्तान'.

कप्तान म्हणजे आमच्याच प्रकाशनाचं चाळीस वर्षांपूर्वीचं सोनं. कप्तानाच्या नावावर एकशे बारा पॉकेट कादंबऱ्या, सगळ्यांचा नायक एकच, गुप्तहेर नऊबोट्या. एका हाताची करंगळी नसलेला. मी शाळेत बाकाखाली धरून नऊबोट्या वाचलाय. दोनदा मार खाल्लाय त्यापायी, आणि दोन्ही वेळा मार संपल्यावर राहिलेलं पान वाचलंय. त्यात एक गंमत होती. काही पुस्तकांत नऊबोट्याची करंगळी डाव्या हाताची गेलेली, काहींत उजव्या. मुखपृष्ठावर तो कायम हातमोजे घालून, त्यामुळे चित्र बघून निकाल लागत नव्हता. वाचक पत्रांवर पत्रं पाठवायचे, आणि ऑफिसचं ठरलेलं उत्तर जायचं, "कप्तान योग्य वेळी उलगडा करतील."

तर बाराव्या अंकाचं शेवटचं पान ताईंच्या टेबलावर आलं. सकाळचे अकरा वाजले असतील. मी मागून बघत होते. ताईंनी पान वाचलं, दौतीचं झाकण लावलं, टाक धुतला, फडक्यानं पुसला आणि डब्यात ठेवून दिला. सकाळी अकरा वाजता! ही बाई तापानं फणफणली तरी सहाच्या आत टाक पुसत नाही. मी उठून पान बघितलं. पानफाड्या गुडघे टेकून एका पुतळ्यासमोर बसलाय, पुतळा आमच्या मालकांच्या वडिलांचा, थोरल्या मालकांचा, आणि खाली कोरायचा मजकूर, "एकशे बारा कादंबऱ्या. एक माणूस. एक लेखणी." आदल्या पानावर बोटाचाही उलगडा होता. नऊबोट्याला म्हणे आरशातल्या जगात एक जुळा भाऊ होता.

ताई सरळ मालकांच्या केबिनमध्ये. मी मागोमाग, कारण मला राहवत नाही. चष्मा आत बसलेलाच होता.

"हे मी लिहिणार नाही," ताई म्हणाल्या.

"का हो? अक्षर बारीक पडतंय का?" मालक म्हणाले. माणूस तसा वाईट नाही, पण वडिलांचा विषय निघाला की त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

"अक्षराचं सोडा. हे खोटं आहे. तुमच्या वडिलांनी एकही कादंबरी लिहिली नाही. आम्ही चौघांनी लिहिल्या. मागच्या खोलीत, जिथं आता तुमचा झेरॉक्स आहे. एक शाळामास्तर, एक पोस्टातले कारकून, एक औषधाच्या दुकानातले कंपाउंडर, आणि मी. माझ्या सेहेचाळीस आहेत."

मला आधी ऐकू आलं ते समजलंच नाही. समजलं तेव्हा मी दाराची कड धरली.

ताईंनी शांतपणे सगळं सांगितलं. थोरले मालक एका चिठ्ठीवर दोन ओळी द्यायचे. 'बँकेत प्रेत. तिजोरी आतून बंद.' बास. वीस दिवसांत पुस्तक तयार पाहिजे. नाव सगळ्यांचं मिळून एकच, कप्तान. ताई तेव्हा एकोणीस वर्षांच्या, पुस्तकांची शीर्षकं रंगवायला लागल्या होत्या. एकदा कंपाउंडर आजारी पडले, त्यांचं अर्धं पुस्तक ताईंनी पुरं केलं, आणि मग थांबल्याच नाहीत.

मालक हसले. हसले हो! "ताई, इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"टोपणनावाला माझी हरकतच नव्हती. नाव चौघांचं होतं, चौघांनी खुशीनं घेतलं होतं. वडिलांनी तुमच्या ती पुस्तकं छापली, गावोगावच्या स्टॉलवर पोचवली. ते त्यांचं कर्तृत्व, त्याचा पुतळा करा, मी सोनेरी अक्षरांत नाव घालून देते. पण लिहिली त्यांनी नाहीत. तुम्ही आता चौघांचं नाव एकट्याच्या अंगावर चढवताय. ते तिघे गेले, त्यांना बोलता येत नाही. मला येतं."

"पुरावा?"

"हस्तलिखितं छापून झाली की रद्दीत जायची, तुम्हाला माहीत आहे."

"मग झालं तर." मालकांनी थोडा विचार केला. "बरं, तुमचा मान म्हणून मागच्या पानावर बारीक टाइपात घालू. साहाय्य, आणि पुढे तुमचं नाव."

"साहाय्य?" ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "साहाय्य म्हणजे खुर्ची सरकवून देणं. मी सेहेचाळीस खून केलेत आणि सेहेचाळीस खुनी पकडलेत. बारीक टाइप तुमच्याजवळ ठेवा."

आणि आल्या बाहेर. चष्मा डोळे विस्फारून बघत बसला होता, पण हू की चू केलं नाही त्यानं.

घरी आल्यावर खरं भांडण झालं. ज्या कप्तानासाठी मी दोनदा मार खाल्ला तो कप्तान बावीस वर्षं माझ्याच घरात राहतो, माझ्याशी वॉशरवरून तंडतो, आणि मला पत्ता नाही! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

"हे काय विचारायचं असतं? नणंदेला विचारायचं, 'ताई, चहा घेणार का, आणि तुम्ही कप्तान आहात का?'" मग मी यांच्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

हे पेपरच्या आड गेले. ठाऊक होतं! सख्ख्या भावाला ठाऊक होतं आणि मूग गिळून बसला होता. त्या दिवशी मी दोघांनाही धारेवर धरलं, आणि धरणारच.

मग ताईंनी मला बोटाचं सांगितलं. "एक कागद घे. सामानाची यादी कर." मी लिहायला लागले. "थांब. आता तुझा मोकळा हात कुठला?" डावा. कागदावर पसरलेला, समोर दिसत होता. "लिहिता लिहिता नऊबोट्याचा हात मनात आणायचा तर माणूस कुठं बघतो? आपल्या मोकळ्या हाताकडे. त्या तिघांचा मोकळा हात डावा, म्हणून त्यांच्या पुस्तकांत डावी करंगळी नाही. माझा मोकळा हात उजवा. मी माझ्याच पंजाकडे बघून लिहायचे. चूक चौथ्या पुस्तकाला लक्षात आली. तोवर छापून गेलेलं. मग मास्तर म्हणाले, राहू दे पोरी, तेवढीच तुझी खूण."

हे सांगताना ताईंचे डोळे भरून आले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. मला काय करावं कळेना. मी तो ठिबकणारा नळ घट्ट बंद केला, एवढंच. माझं भांडण तिथं संपलं आणि दुसरं सुरू झालं, मालकांशी.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. दोन वर्षांपूर्वी ताई आजारी असताना घाईचं काम अडू नये म्हणून त्यांची सगळी अक्षरं स्कॅन करून कॉम्प्युटरचा फॉन्ट बनवला होता. ताईंनीच हौसेनं बनवू दिला. आता मालक म्हणाले, "पुतळ्याखालचा मजकूर त्या फॉन्टमध्ये टाका. पाच मिनिटांचं काम."

म्हणजे बघा. बाईचं काम चोरायचं, आणि चोरीची पाटी तिच्याच अक्षरात लावायची. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. म्हटलं, "मालक, माझ्या हातून हे होणार नाही. मी रंग भरते, काळं फासत नाही." ते काम शेवटी चष्म्यानं केलं, मान खाली घालून. अंक छापून आला तेव्हा ताईंनी शेवटचं पान बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "शब्दांत जागा किती सोडायची तेही कळत नाही याला." त्यांनी राजीनामा लिहिला, तीन ओळींचा, आणि मालकांच्या टेबलावर ठेवला. मला म्हणाल्या, "रविवारी प्रकाशनाला मी येणार. प्रेक्षकांत बसून. आमंत्रण नको मला."

"काय करणार तिथं?"

"विचारीन."

रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम. खुर्च्या भरलेल्या, मागे लोक उभे. एका बाजूला लांब टेबलावर नऊबोट्याच्या एकशे बाराच्या एकशे बारा कादंबऱ्या मांडल्या होत्या. आता गंमत ऐका. ऑफिसच्या स्वतःच्या प्रती वाळवीनं कधीच फस्त केल्या होत्या. या प्रती होत्या एका सलूनवाल्या काकांच्या. जन्मभर गिऱ्हाइकांचे केस कापले आणि दर महिन्याला एक नऊबोट्या घेतला, असा माणूस. मालकांनीच घरी जाऊन, विनवण्या करून ती पुस्तकं प्रदर्शनासाठी मागून आणली होती. काका त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून राखणीला बसले होते.

मालकांचं भाषण झालं. पडदा सरकवून शेवटच्या पानाचं मोठं पोस्टर दाखवलं. एक माणूस, एक लेखणी. टाळ्या. मग प्रश्नांसाठी सगळ्यांना कागदाचे कपटे आणि पेनं वाटली. काकांनी कपटा लिहिलाच नाही, उभेच राहिले.

"माझा एकच प्रश्न, आणि तो मी अठरा वर्षांचा असल्यापासून विचारतोय. बोट कुठल्या हाताचं?"

चष्म्यानं आरशातल्या जुळ्याचं सांगितलं. हॉलमध्ये चुळबुळ झाली. काका म्हणाले, "साहेब, रागावू नका, पण ही थाप आहे. एकशे बारा पुस्तकांत आरसा कुठं आलाय?"

लोक हसले. त्या हसण्यात ताई उठल्या. त्या माइककडे गेल्याच नाहीत, दोन ओळींच्या मधल्या वाटेत उभ्या राहिल्या.

"सगळ्यांच्या हातात पेन आहे ना? कपट्यावर आपलं नाव लिहा. लिहा, परीक्षा नाही ही. हां, थांबा. पेन तसंच धरा. आता तुमचा दुसरा हात कुठं आहे बघा."

दीडशे माणसांनी माना वाकवून स्वतःचा डावा हात बघितला. दुसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी ओरडली, "माझा उजवा आहे!"

"शाबास. माझाही उजवा," ताई म्हणाल्या, आणि डाव्या हातातलं पेन उंच धरलं. मग त्यांनी सांगितलं. मागची खोली, चार माणसं, मोकळा हात. अगदी थोडक्यात, शब्द वाया न घालवता.

मालक उठले. "ताई, खाली बसा. हा काही पुरावा नव्हे. उजव्या हाताची पुस्तकं माझी, असं आज कुणीही उठून म्हणेल."

"बसत नाही," ताई म्हणाल्या.

माझ्याच्यानं राहवेना. मी खुर्चीवरून उठले आणि ओरडलेच, "काका, उजव्या हाताची पुस्तकं किती आहेत हो?"

काकांनी खिशातून एक वही काढली. कडा मऊ पडलेल्या. प्रत्येक पुस्तकाचं नाव आणि पुढे हात, डावा की उजवा, असं त्यांनी टिपून ठेवलं होतं. बोट लावून शेवटचं पान काढलं. "उजवा हात, सेहेचाळीस."

"आणि मालक," मी म्हटलं, "पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या केबिनमध्ये ताईंनी किती आकडा सांगितला होता? ही वही तेव्हा कुणी पाहिली होती? मी दारात उभी होते. सांगा की!"

मालकांनी चष्म्याकडे बघितलं. पोरानं चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाला, "सेहेचाळीसच सांगितला होता. मीही ऐकलाय. ते पान मी लिहायला नको होतं." नोकरी जाणार हे त्याला दिसत होतं, तरी बोलला. त्याला मी तेवढ्यापुरतं माफ केलं.

मग एकच गलका झाला. लोक उठून टेबलाकडे यायला लागले. काकांनी एक पुस्तक उचललं, 'नऊबोट्या आणि बंद तिजोरी', पहिलं पान उघडलं आणि ताईंसमोर ठेवलं. "सही करा."

"प्रदर्शनाची पुस्तकं आहेत ती! हात लावू नका कुणी!" मालक ओरडले.

"पुस्तकं माझी आहेत," काका म्हणाले. "रोख देऊन घेतलेली. माझ्या पुस्तकावर कुणी काय लिहायचं ते मी ठरवीन."

ताई काकांच्या खुर्चीत बसल्या. पुस्तक आडवं वळवलं, उजवा पंजा पसरला. पहिल्या पानावर 'लेखक: कप्तान' असं छापलेलं होतं. त्याखाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, घोटीव अक्षरात, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि पुस्तक परत दिलं. मी बघत होते. बावीस वर्षांत ताईंचं स्वतःचं नाव पुस्तकाच्या पानावर मी पहिल्यांदाच पाहिलं. मला रडू फुटलं, मी लपवलं नाही.

सेहेचाळीस पुस्तकांवर सह्या झाल्या की उठतील असं मला वाटलं. पण त्यांनी मधेच एक डाव्या हाताचं पुस्तक उचललं, दोन पानं चाळली आणि म्हणाल्या, "हे मास्तरांचं. प्रत्येक प्रकरण हवेपासून सुरू करायचे." कप्तानाखाली त्यांनी मास्तरांचं नाव लिहिलं. पुढचं उघडलं. "हे पोस्टातल्यांचं. यांच्या प्रत्येक खुनात एक उशिरा पोचलेलं पत्र असतं." त्यांचं नाव लिहिलं. "हे कंपाउंडरांचं, विष कुठलं ते दीड पान सांगतात." त्यांचं लिहिलं. गर्दीत कुणीतरी वाचून दाखवायला लागलं आणि लोक त्या त्या नावाला टाळ्या द्यायला लागले. मास्तरांच्या नावाला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले, म्हणाले, "ते मला गणित शिकवायचे," आणि तिथंच उभे राहिले.

मालकांनी हॉलच्या माणसाला बोलावलं आणि कार्यक्रम संपला म्हणून सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं माइक काढला, पंखे बंद केले, मग दिवेही घालवले. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि दोन्हीकडच्या खिडक्यांतून लख्ख ऊन आत येत होतं. एक माणूस हलला नाही.

"ताई, पुरे करा आता," मालक म्हणाले. आवाज पार उतरला होता. "किती लिहिणार आहात?"

"एकशे बारा," ताई म्हणाल्या. मानसुद्धा वर केली नाही. मोकळा उजवा हात काकांपुढे केला. "पुढचं द्या."